डावी कड: ११.६ इंची स्क्रीनवरच्या डॉक-पॅनलचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका अनुवादिकेच्या लॅपटॉपचं आहे. ओळख उघड करायची नाही असं आमचं ठरलं आहे, म्हणून इथे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतो. वय पन्नाशीच्या पुढे, रोज सहा-सात तास भाषांतराचं काम, आणि हाताशी ११.६ इंची स्क्रीनचा, ४ जीबी रॅमचा लॅपटॉप. स्क्रीनचं रिझोल्यूशन १३६६ × ७६८. त्यावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आणि एक्सएफसीई ४.१८ हा डेस्कटॉप, म्हणजे विंडो, मेन्यू आणि पट्ट्या दाखवणारा भाग. यंत्र जुनं असलं तरी धडधाकट होतं, वजनाला हलकं होतं आणि बाईंच्या बोटांना त्याचा कीबोर्ड बसला होता. नवं घ्यायचा विषयच नव्हता.

काम करायची त्यांची पद्धत ठरलेली. स्क्रीनच्या डाव्या अर्ध्या भागात मूळ मजकूर, उजव्या अर्ध्या भागात भाषांतर. दोन्ही लिब्रेऑफिस रायटरमध्ये. मागे फायरफॉक्समध्ये शब्दकोश उघडलेले, आणि स्वतः वर्षानुवर्षं जमवलेली परिभाषेची एक स्प्रेडशीट. ही पद्धत आधी मांडतोय, कारण पुढचे जवळपास सगळे निर्णय तिच्यावरूनच घ्यावे लागले.

डेस्कटॉपवर दोन पॅनल, म्हणजे स्क्रीनच्या कडेला बसणाऱ्या पट्ट्या, होते. वरचा २८ पिक्सेल उंचीचा, त्यात मेन्यू, उघड्या विंडोंची नावं, नेटवर्क-आवाज-बॅटरीचे आयकॉन आणि घड्याळ. खालचा ५६ पिक्सेलचा, मोठ्या आयकॉनांचा, मध्यभागी डॉकसारखा, म्हणजे प्रोग्रॅम उघडायच्या आयकॉनांच्या पट्टीसारखा, बसवलेला. दिसायला देखणा. बाईंनी तो स्वतः मांडला होता आणि त्यांना तो आवडायचा.

अडचण

“अहो, तेवढा खालचा डॉक लहान करून द्या,” एवढंच त्यांनी मला सांगितलं होतं. मी लगेच आयकॉनचा आकार कमी करायला घेणार होतो. पण सहज विचारलं, डॉकचा नेमका त्रास काय होतो? तर म्हणाल्या, “डॉकचा असा नाही हो. मला सारखं वर-खाली सरकवत बसावं लागतं. मूळ परिच्छेद कधी एका नजरेत दिसतच नाही. वाक्याचा शेवट बघेपर्यंत सुरुवात वर निघून जाते.”

डॉक लहान करणं हा त्यांनी स्वतःच काढलेला उपाय होता. खरी अडचण होती एका वेळी दिसणाऱ्या ओळींची. हा फरक तेव्हाच कळला हे बरं झालं. नाहीतर डॉक ५६ वरून ४० वर आणला असता, १६ पिक्सेल वाचले असते, आणि त्यांच्या मजकुराची एक ओळसुद्धा त्यात बसली नसती. त्यांची एक ओळ २५ पिक्सेलची. देवनागरीत वरच्या मात्रा आणि खालचे उकार दोन्ही मावायचे तर ओळ उंचच लागते.

मोजमाप

काहीही बदलायच्या आधी आम्ही मोजलं. स्क्रीनशॉट घेतला, चित्राच्या प्रोग्रॅममध्ये उघडला, आणि निवडीच्या चौकटीने एकेका पट्टीची उंची बघत गेलो. दहा मिनिटांचं काम. वरून खाली असं निघालं: वरचा पॅनल २८, विंडोचा टायटल बार २४, रायटरचा मेन्यू २८, टूलबारच्या दोन ओळी ३८ आणि ३८, आडवी पट्टी म्हणजे रूलर २२, तळाचा स्टेटस बार २६, आणि डॉक ५६. बेरीज २६०. म्हणजे ७६८ पैकी मजकुराला उरले ५०८ पिक्सेल, ओळींच्या हिशोबात २०. बाईंच्या हातात तेव्हा कायदेशीर मजकूर होता आणि त्यातले परिच्छेद २२ ते २४ ओळींचे. तक्रारीचं कारण इथेच आकड्यांत दिसलं.

पॅनल जागा कशी खातो हेही थोडक्यात सांगतो. स्क्रीनच्या कडेला बसलेला पॅनल विंडो मॅनेजरला, म्हणजे विंडोंची जागा आणि आकार सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला, कळवतो की ही एवढी पट्टी माझी, इथे कोणाला येऊ देऊ नका. त्यानंतर विंडो पूर्ण मोठी करा किंवा अर्ध्या भागात चिकटवा, तिला उरलेलीच जागा मिळते. पॅनल आपोआप लपणारा केला की तो ही पट्टी राखून ठेवत नाही, विंडो थेट कडेपर्यंत पसरते आणि पॅनल गरज पडेल तेव्हा तिच्यावर येतो. त्यामुळे ‘आपोआप लपव’ हा पर्याय फुकटात जागा मिळवून देणारा वाटतो. तो फुकट नाही, हे आम्हाला आठवड्याभरात कळलं.

दुसरा हिशोब स्क्रीनच्या आकाराचा. ५६ पिक्सेलची पट्टी आडवी ठेवली तर उंचीतले ७.३ टक्के जातात. तीच पट्टी उभी केली तर रुंदीतले ४.१ टक्के. रुंद स्क्रीनवर उंची महाग आणि रुंदी त्या मानाने स्वस्त. ही काही नवी गोष्ट नाही. २०१० साली उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या १०.१० या नेटबुक आवृत्तीत युनिटी हा डेस्कटॉप आला, तेव्हा आयकॉनांची पट्टी डाव्या कडेला उभी ठेवली होती ती छोट्या स्क्रीनवरची उंची वाचवण्यासाठीच. पुढे उबुंटूने २०१७ मध्ये युनिटी सोडून ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप घेतला, तरी डॉक डावीकडेच ठेवला.

विचारात घेतलेले पर्याय

सगळ्यात आधी डेस्कटॉपच बदलायचा का, हा प्रश्न. ग्नोमवर डॅश टू डॉकसारखं एक्स्टेन्शन, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम, घालून डॉक हवा तसा करता येतो. पण वरचा बार राहतोच, आणि ग्नोमच्या स्वतःच्या प्रोग्रॅमांचे हेडर बार, म्हणजे शीर्षक आणि बटणं एकत्र असलेल्या वरच्या पट्ट्या, चांगलेच उंच असतात. शिवाय एक्स्टेन्शन ग्नोमच्या आवृत्तीशी जुळावं लागतं. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्नोम ४५ आलं तेव्हा एक्स्टेन्शन लिहायची पद्धतच बदलली आणि जुनी एक्स्टेन्शनं दुरुस्त केल्याशिवाय चालेनात. ज्या माणसाला रोज काम उरकायचं आहे त्याचा डॉक अपडेटच्या दुसऱ्या दिवशी गायब होणं मला परवडणारं वाटत नाही.

केडीई प्लाझ्मा या आणखी एका डेस्कटॉपचा विचार जास्त वेळ केला. त्याचे पॅनल लवचीक आहेत, मोठ्या केलेल्या विंडोचा टायटल बार काढून टाकता येतो, आणि प्लाझ्मा ६ पासून विंडो जवळ आली की बाजूला होणारा पॅनलही मिळतो. पण डेबियन १२ मध्ये प्लाझ्मा ५.२७ आहे, म्हणजे शेवटची सोय तिथे नाहीच. आणि त्याहून मोठी गोष्ट: एक्सएफसीईमध्ये बाईंचा हात बसला होता. डेस्कटॉप बदलला तर मेन्यू, फाइलींचा प्रोग्रॅम, सेटिंगा सगळंच नवं. एका पट्टीसाठी अख्खं घर हलवण्यासारखं ते झालं असतं.

प्लँक हा स्वतंत्र डॉक लावावा असंही मनात आलं. हलका आहे, लपण्याच्या चार-पाच तऱ्हा आहेत. पण स्क्रीनवर विंडो दाखवणाऱ्या दोन व्यवस्थांपैकी तो एक्स११ वरच चालतो, वेलँडवर नाही, आणि मुख्य म्हणजे पॅनल तर लागणारच होता. डॉक वेगळा ठेवून पॅनलही ठेवायचा म्हणजे पट्ट्या पुन्हा दोनच.

रिझोल्यूशन ताणून स्क्रीनवर जास्त पिक्सेल असल्याचं भासवता येतं, तेही एकदा करून पाहिलं. अक्षरं धुरकट झाली. बाईंनी चष्मा काढून पुसला, आणि मी लगेच ते मागे घेतलं.

मग उरले दोन. एक, आहेत ते दोन्ही पॅनल ठेवून खालचा आपोआप लपणारा करायचा. दोन, दोन्ही काढून डाव्या कडेला एकच उभा पॅनल. मला दुसरा योग्य वाटत होता. पण बाईंना खालचा डॉक प्रिय होता, आणि पहिल्या मार्गात बदल सगळ्यात कमी होता. म्हणून आधी तोच घेतला.

पहिला प्रयत्न: खालचा डॉक लपवणं

पॅनलच्या प्राधान्यांत आपोआप लपण्याच्या तीन पायऱ्या आहेत: कधीच नाही, हुशारीने, नेहमी. ‘हुशारीने’ म्हणजे विंडो त्या जागेवर आली तरच लपायचं, एरवी दिसत राहायचं. आम्ही ते निवडलं. लगेच ५६ पिक्सेल मिळाले, दोन ओळी वाढल्या. बाई खूश. मी निघालो.

चौथ्या दिवशी फोन. “तो डॉक मधेच वर येतो हो. मला शब्द मोजायचे असतात तेव्हा हमखास येतो.”

जाऊन शेजारी बसलो आणि अर्धा तास नुसता बघत राहिलो. भाषांतराची विंडो उजव्या अर्ध्या भागात, म्हणजे ६८३ व्या पिक्सेलपासून पुढे. तिच्या तळाच्या स्टेटस बारमध्ये पानाचा आकडा, त्याच्या शेजारी शब्दांची संख्या. ती पडायची साधारण ८५० च्या आसपास. आणि मध्यभागी बसलेला डॉक ३८३ पासून ९८३ पर्यंत पसरलेला. बाईंचा मोबदला शब्दांवर. दर थोड्या वेळाने त्या आकड्यावर माऊस नेतात, क्लिक करून सविस्तर मोजणी बघतात. माऊस तळाशी पोचला की डॉक उसळून वर यायचा आणि नेमका तो आकडा झाकायचा. माऊस वर घ्यायचा, डॉक जायची वाट बघायची, परत जपून खाली न्यायचा, की कडेला स्पर्श होता कामा नये. अर्ध्या तासात हे मी सात वेळा मोजलं.

एरवी स्क्रीनची कड ही माऊससाठी सगळ्यात सोपी जागा. पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेला नियम सांगतो की लक्ष्य जितकं मोठं आणि जवळ, तितक्या लवकर हात तिथे पोचतो. कडेला तर माऊस कितीही जोरात फेकला तरी अडतो, त्यामुळे तिथलं लक्ष्य खोलीला जणू अमर्याद असतं. आम्ही केलं असं की ही सोपी कड कामाच्या प्रोग्रॅमला दिली आणि तिथेच लपलेला डॉकही दडवून ठेवला. एका कडेवर दोघांचा हक्क आला की चुकामूक ठरलेलीच.

डॉक मध्यावरून डावीकडे सरकवला असता तर शब्दसंख्या मोकळी झाली असती, पण मग मूळ मजकुराचा पानक्रमांक झाकला गेला असता. मी ते सुचवलं, बाईंनी दोन मिनिटं विचार करून नाही म्हटलं. आणि स्वतःच विचारलं, “ते तुम्ही डावीकडचं काहीतरी म्हणत होतात ना?”

दुसरा प्रयत्न: एकच उभा पॅनल

डावी कड की उजवी, हे आधी ठरवलं. उजव्या कडेला भाषांतराच्या विंडोचा स्क्रोलबार येतो आणि बाई तो माऊसने ओढतात. म्हणजे ती कड कामाची, तिला हात लावायचा नाही. डाव्या कडेला मूळ मजकुराच्या पानाचा समास, तिथे फारसं काही घडत नाही.

मग लपणारा ठेवायचा की कायमचा? लपणारा ठेवला असता तर रुंदीही वाचली असती. पण बाई मूळ मजकुरातलं वाक्य निवडताना माऊस ओढत ओळीच्या सुरुवातीला आणतात, आणि पुष्कळदा हात त्याच्याही पुढे कडेपर्यंत जातो. तळाशी जे झालं तेच इथे झालं असतं. कायमचाच ठेवायचा ठरला. रुंदी स्वस्त आहे हे मोजून झालंच होतं.

पण किती स्वस्त? इथे मला सगळ्यात जास्त वेळ लागला. पॅनल ५६ रुंद ठेवला तर आयकॉन ऐसपैस दिसतात. उरलेले १३१० पिक्सेल दोन विंडोंत वाटले की प्रत्येकी ६५५. त्यातून विंडोची कड आणि स्क्रोलबार मिळून १६ गेले, उरले ६३९. आता ए४ कागद २१ सेंटिमीटर रुंद, दोन्हीकडे २ सेंटिमीटर समास सोडला तर ओळ १७ सेंटिमीटरची. शंभर टक्के झूमला ती होते ६४२ पिक्सेल. म्हणजे ३ पिक्सेल कमी. प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर अर्धं कापलं गेलं असतं, नाहीतर झूम कमी करून पन्नाशीतल्या डोळ्यांना ताण दिला असता. पॅनल ४४ चा केला तर प्रत्येक विंडोला ६६१, त्यातून १६ वजा जाऊन ६४५. ओळ बसते, वर ३ पिक्सेल उरतात. ४४ ठरला तो असा. आयकॉन ३२ चे ठेवले, तेवढे बाईंना चष्म्याशिवायही ओळखू येतात.

प्रत्यक्ष मांडणीत मोड ‘उभा’ न निवडता ‘डेस्कबार’ निवडला. नुसत्या उभ्या पॅनलमध्ये घड्याळासारखा मजकूर आडवा पडतो आणि मान वाकडी करून वाचावा लागतो. डेस्कबारमध्ये पॅनल उभा राहतो, अक्षरं मात्र सरळ. घड्याळाचा साचा तास वर, मिनिटं खाली असा दोन ओळींत दिला. ४४ पिक्सेलांत तो नीट बसला.

उघड्या विंडोंची नावं काढून टाकायची का, यावर बाई जरा घुटमळल्या. वरच्या पॅनलवर ती नावं असायची. मी त्यांना म्हटलं, आता बघा, त्यावरून तुम्हाला काय कळतं? सगळ्या फायली एकाच कामाच्या, सगळ्यांची नावं ‘भाषांतर मसुदा’ने सुरू होणारी, आणि बटणावर दिसायचं तेवढंच. पुढचा वेगळा भाग कापलेला. त्या हसल्या आणि तयार झाल्या. डॉकलाइक हे प्लगइन, म्हणजे पॅनलमध्ये जोडायचा छोटा भाग, घातलं. त्यात नेहमीचे प्रोग्रॅम पक्के बसवता येतात आणि उघड्या विंडोही त्याच आयकॉनवर दिसतात, म्हणजे डॉक आणि टास्कबार एकाच जागी. यात एक तोटा आहे. रायटरच्या दोन-तीन विंडो एकाच आयकॉनमागे जातात, हवी ती निवडायला माऊस आयकॉनवर टेकवून यादी उघडावी लागते. बाईंच्या दोन मुख्य विंडो कायम समोरच असल्यामुळे त्यांना ते फारसं जाणवत नाही. ज्यांच्या पाच-सहा फायली एकावर एक उघड्या असतात त्यांना मात्र हे नक्की अडेल.

एक चूक

इथे माझ्या हातून एक गोष्ट बिघडली, ती लिहायलाच हवी. नवा पॅनल नीट झाला म्हटल्यावर मी जुने दोन्ही काढून टाकले. एक्सएफसीईमध्ये पॅनल काढला की त्यावरच्या वस्तूंची मांडणीही जाते. खालच्या डॉकवर बाईंनी स्वतः बनवलेला एक लाँचर होता: क्लिक केलं की परिभाषेची स्प्रेडशीट थेट उघडायची. तो कसा बनवला होता ते त्यांना आता आठवत नव्हतं, आणि मी तो बघूनही ठेवला नव्हता. स्प्रेडशीट सुखरूप होती, लाँचर पुन्हा पाच मिनिटांत तयार केला. पण काढला त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जी काळजी दिसली ती मी विसरलेलो नाही. वर्षांची मेहनत गेली असंच त्यांना वाटलं होतं.

याला साधा उपाय होता. पॅनल प्रोफाइल्स नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे, तो अख्खी मांडणी एका फाइलीत जतन करतो आणि हवी तेव्हा परत आणतो. तो मला माहीत होता. वापरला नाही, एवढंच.

पॅनलबाहेरची जागा

पॅनल झाल्यावर पुन्हा मोजलं. वरचे २८ आणि खालचे ५६ मिळून ८४ वाचले होते. मजकुराला आता ५९२, म्हणजे २३ ओळी. बाईंचे परिच्छेद २४ पर्यंत जात होते. अजून थोडं हवं होतं आणि पॅनलमध्ये काढण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मी आधी टायटल बारवर नजर टाकली. एक्सएफसीईच्या विंडो मॅनेजरच्या बारीकसारीक सेटिंगांत मोठ्या केलेल्या विंडोचं शीर्षक लपवायची सोय आहे. ती चालू केली, २४ पिक्सेल मिळाले असं समजलो, आणि बाईंच्या दोन विंडो बघितल्या तर टायटल बार जागच्या जागी. कारण उघड होतं. त्या विंडो अर्ध्या भागात चिकटवलेल्या, पूर्ण मोठ्या केलेल्या नाहीत, आणि ती सेटिंग फक्त पूर्ण मोठ्या विंडोंना लागू. बाई विंडो जवळपास कधीच पूर्ण मोठी करत नाहीत हे मी पहिल्या दिवसापासून बघत होतो, तरी डोक्यात नेहमीचा उपाय आला. मग बारीक टायटल बारची एक थीम लावून पाहिली. सहा पिक्सेल वाचले, पण बंद करायचं बटण इतकं चिमुकलं झालं की दोनदा नेम चुकला. परत जुनी लावली.

खरी जागा रायटरमध्येच होती. दिसण्याच्या मेन्यूत त्याच्या टूलबारचे वेगवेगळे नमुने आहेत, त्यातला एकाच टूलबारचा निवडला: ३८ मिळाले. रूलर बंद केला: २२. समास बाई कधी बदलत नाहीत. स्टेटस बार ठेवला, शब्दसंख्या तिथेच आहे. मजकूर झाला ६५२ पिक्सेल, २६ ओळी.

हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. एकूण १४४ पिक्सेल वाचले, त्यातले ८४ पॅनलचे आणि ६० रायटरचे. सुमारे ४२ टक्के जागा डॉक-पॅनलच्या बाहेरची होती. डॉक लहान करता करता पॅनलवरच अडून बसलो असतो तर २३ ओळींवर थांबलो असतो, आणि सरकवणं सुटलं नसतं.

फायरफॉक्समध्येही टूलबार सजवायच्या पानावर टायटल बारची खूण काढून टाकली. तेवढं पुरलं.

काय झालं पुढे

पहिले चार दिवस बाईंचा हात तळाशी जात राहिला. तिथे काही नाही म्हटल्यावर मग डावीकडे. पाचव्या दिवसापासून ते थांबलं, असं त्या म्हणाल्या. तीन आठवड्यांनी मी पुन्हा शेजारी अर्धा तास बसलो. परिच्छेद एका नजरेत दिसत होता. शब्द मोजताना अडथळा नव्हता. पॅनलला कुलूप लावलेलं असल्यामुळे चुकून ओढला जाण्याची भीती नव्हती.

सगळंच सुटलं असं नाही. ४४ चे चौकोन धरले तर ७६८ उंचीत १७ बसतात. मेन्यू, सात पक्के प्रोग्रॅम, भाषेच्या कीबोर्डची खूण, नेटवर्क, आवाज, बॅटरी आणि घड्याळ मिळून १३ झाले. चारपेक्षा जास्त वेगळे प्रोग्रॅम उघडले की दाटी होते. आणि काही डायलॉग अजूनही स्क्रीनपेक्षा उंच निघतात, खालची बटणं स्क्रीनबाहेर जातात. त्यासाठी ऑल्ट दाबून विंडोला कुठेही धरून वर ओढायचं, हे बाईंना शिकवलं. छोट्या स्क्रीनवर हे सगळ्यांना यायला हवं असं माझं मत आहे. कित्येक जण अशा वेळी अंदाजाने एंटर दाबतात.

दोन महिन्यांनी एक नवीनच गोष्ट निघाली. बाईंनी घरातला मोठा मॉनिटर लॅपटॉपला जोडला आणि तो टेबलावर डाव्या हाताला ठेवला. डिस्प्लेच्या सेटिंगमध्येही तो डावीकडे धरला गेला. लॅपटॉपची डावी कड आता कड राहिलीच नाही, ती दोन स्क्रीनमधली सीमा झाली. माऊस पॅनलवर न थांबता सरळ पलीकडच्या मॉनिटरवर जायचा, आणि मोठी केलेली विंडो पॅनलखाली सरकायची. फोनवरच उपाय झाला: मॉनिटर उजव्या हाताला, सेटिंगमध्येही उजवीकडे, आणि पॅनलच्या प्राधान्यांत तो कोणत्या स्क्रीनवर दिसायचा तिथे ‘आपोआप’ऐवजी मुख्य स्क्रीन.

पुन्हा करायचं झालं तर

बघणं आधी करीन. तो अर्धा तास मी चौथ्या दिवशी बसलो, तो पहिल्या दिवशी बसलो असतो तर खालच्या डॉकचा प्रयोग झालाच नसता. शब्दसंख्येवर जाणारा माऊस तेव्हाच समोर आला असता. मोजमाप मी केलं, पण ते स्थिर चित्राचं. हात कुठे फिरतो ते स्क्रीनशॉटमध्ये येत नाही.

मात्र बाईंचा आवडता डॉक आधी ठेवून पाहिला याबद्दल मला तितकी खंत नाही. तो पहिल्याच दिवशी काढून टाकला असता तर डावा पॅनल माझा झाला असता. स्वतः चार दिवस त्रास सोसून त्यांनी तो मागितला, म्हणून तो त्यांचा झाला. या एका बाबतीत अजून माझं मन दोन्हीकडे जातं.

जुना पॅनल काढण्याआधी मांडणी जतन करणं तर आता सवयीचंच करून घेतलं आहे. बाईंच्या लॅपटॉपवरही पॅनल प्रोफाइल्स आहे आणि त्यात ‘कामाचा’ या नावाची एक मांडणी ठेवलेली आहे. तिची प्रत पेन ड्राइव्हवरही आहे.

मॉनिटरच्या बाबतीत आणखी एक: दुसरा मॉनिटर जोडायची शक्यता आहे का, हे पॅनलची कड ठरवायच्या आधी विचारायला हवं होतं. उभ्या पॅनलला हा प्रश्न आडव्यापेक्षा जास्त लागू होतो, कारण मॉनिटर सहसा शेजारी ठेवतात, वर-खाली नाही.

परवा सहज गेलो होतो. पॅनलवर परिभाषेच्या स्प्रेडशीटचा आयकॉन सातव्या जागेवरून वर, मेन्यूच्या लगेच खाली आलेला दिसला. बाईंनी कुलूप उघडून स्वतःच हलवला होता, आणि नवी मांडणी ‘कामाचा २’ म्हणून जतनही केली होती.